दहा लाखांची देणगी देण्यापूर्वी ताळेबंदात काय पाहावे?

प्रश्न (सारांश): मी नेरुळला राहणारी ६६ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. गेल्या वर्षी माझ्या पतींचे निधन झाले. राहते घर स्वतःचे आहे, निवृत्तिवेतन दरमहा ३८,००० रुपये आणि घरखर्च ३४,००० रुपयांच्या आसपास आहे. पतींच्या पश्चात माझ्या नावे आलेल्या २२ लाखांच्या मुदत ठेवी आणि ५ लाखांचा आरोग्यविमा आहे. शहापूर तालुक्यात कातकरी मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवणाऱ्या एका न्यासाला पतींच्या नावाने १० लाख रुपये कायम निधी (मूळ रक्कम न मोडता फक्त व्याज वापरायचे, असा निधी) म्हणून द्यावेत, अशी माझी इच्छा आहे. मुलगा म्हणतो की, संस्था २३ टक्के पैसा कार्यालयावरच खर्च करते, तिला देऊ नकोस. संस्थेचे कार्यकर्ते म्हणतात की, ८०जी (देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी मान्यता) असल्यामुळे निम्मी रक्कम करात वाचेल. ३१ मार्च २०२५ अखेरचे हिशेब सोबत पाठवत आहे. देणगी द्यावी का?

उत्तर:

देणगी जरूर द्यावी, मात्र दहा लाख रुपये एकरकमी देऊ नयेत आणि कायम निधी म्हणून तर आत्ता मुळीच देऊ नयेत, असे माझे मत आहे. त्याचे कारण चिरंजीव म्हणतात त्या २३ टक्क्यांमध्ये नाही. ते ताळेबंदात आहे आणि तुम्ही तो सोबत जोडलात म्हणूनच मला दिसले.

आधी तुमच्या बाजूचा हिशेब पाहू. ठेवींवर सरासरी ७ टक्के व्याज धरले, तर दहा लाख दिल्यावर वर्षाला सुमारे ७०,००० रुपयांचे उत्पन्न कमी होईल. निवृत्तिवेतनातून घरखर्च भागल्यावर तुमच्याकडे महिन्याला जेमतेम चार हजार रुपये उरतात, म्हणजे दुखणेखुपणे, घराची मोठी दुरुस्ती किंवा सोबतीला माणूस ठेवण्याची वेळ आली तर आधार या ठेवींचाच आहे. पाच लाखांचा विमा नवी मुंबईतील खासगी रुग्णालयांच्या आजच्या खर्चापुढे पुरेसा म्हणता येणार नाही आणि या वयात तो वाढवून घेणे सोपे नाही. त्यामुळे हयातीत एकूण सहा लाखांपेक्षा अधिक देऊ नये आणि तेही तीन वर्षांत विभागून द्यावे. उरलेल्या चार लाखांची इच्छा मृत्युपत्रात नोंदवता येईल. त्यासाठी दोन साक्षीदारांसमक्ष सही लागते. नोंदणी सक्तीची नाही, तरी ती करून घ्यावी असे मी सुचवेन.

‘निम्मी रक्कम करात वाचते’ हे विधान तुमच्या बाबतीत बरोबर नाही. नव्या करपद्धतीत ८०जीची वजावट मिळतच नाही. निवृत्तिवेतन आणि व्याज मिळून तुमचे उत्पन्न साधारण ६ लाख १० हजार होते आणि २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य आहे. जो कर भरायचाच नाही, तो वाचणार कसा? जुनी पद्धत निवडली तरी अशा न्यासांसाठी देणगीची पात्र रक्कम समायोजित एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंतच धरली जाते. प्रमाणित वजावट आणि ज्येष्ठांना व्याजावर मिळणारी वजावट उत्पन्नातून कमी केल्यावर तुमच्या बाबतीत ती सुमारे ५१,००० रुपये येईल. त्याच्या निम्मी, म्हणजे साधारण २५,५०० रुपये उत्पन्नातून वजा होतील, करातून नव्हे. कार्यकर्त्यांनी हे फसवण्यासाठी सांगितले असेल असे मला वाटत नाही, कारण हा गैरसमज सर्वत्र आहे. तरीही करबचतीचा मुद्दा तुम्ही या निर्णयातून पूर्णपणे वगळावा.

आता २३ टक्क्यांविषयी. एकूण ६२ लाखांच्या खर्चात आस्थापना खर्च (कार्यालय, कर्मचारी वगैरे) साडेचौदा लाखांचा आहे आणि चिरंजीवांनी त्यावरून टक्केवारी काढली आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० मध्ये ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली गेली आणि तेव्हापासून वीस हा आकडा अनेकांच्या मनात पक्का बसला आहे. पण ती मर्यादा परदेशी निधीपुरती आहे आणि या न्यासाच्या हिशेबात परदेशी निधी दिसत नाही. शिवाय महाराष्ट्रातील न्यासांच्या उत्पन्न-खर्च पत्रकाच्या ठरलेल्या नमुन्यात ‘आस्थापना खर्च’ आणि ‘न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च’ असे वेगळे रकाने असतात. वसतिगृहाच्या अधीक्षकाचा पगार यांपैकी कोठे टाकायचा, हे बहुतेकदा हिशेब लिहिणारा ठरवतो. दिवाळीनंतर आईवडील वीटभट्टीवर गेले की पावसाळ्याच्या तोंडापर्यंत ज्या मुलांना गावातच राखून त्यांची शाळा चालू ठेवायची आहे, त्यांच्याजवळ रात्रंदिवस राहणारा माणूस हाच त्या कामाचा कणा आहे. त्याच्या पगाराला वायफळ खर्च म्हणणे अन्यायाचे ठरेल. साडेचौदा लाखांची फोड मागावी आणि त्यात अधीक्षक व स्वयंपाकी यांचे पगार निघाले तर तो आक्षेप सोडून द्यावा. ज्या संस्थेचा कार्यालयीन खर्च नगण्य दिसतो, तिथे हिशेबनीसच नाही की काय, अशी शंका मला आधी येते.

खरा प्रश्न पुढे आहे. ताळेबंदाच्या निधी व देणी या बाजूला ९ लाखांचा कायम निधी आणि २६ लाखांचा वसतिगृह इमारत निधी दिसतो. हे ३५ लाख रुपये देणगीदारांनी ठरावीक कामासाठी दिलेले आहेत. त्यामुळे मालमत्तेच्या बाजूला तेवढा पैसा किंवा त्यातून उभी राहिलेली वस्तू दिसली पाहिजे. तिथे मुदत ठेवी १२ लाख, बचत खात्यात साडेपाच लाख आणि बांधकाम ठेकेदाराला दिलेली उचल ७ लाख, अशी एकूण साडेचोवीस लाखांची रक्कम आहे. ठेकेदाराची उचल इमारतीसाठीच आहे असे मानून ती मी धरली आहे. तरीही साडेदहा लाख रुपये कमी पडतात.

हे साडेदहा लाख कोठे गेले, हेही त्याच पानावर वाचता येते. वाहन व फर्निचरमध्ये ६ लाख आहेत, मागील वर्षांची साचलेली तूट ३ लाखांची आहे, एका विश्वस्ताकडे ३ लाखांची उचल आहे आणि २ लाख रुपये येणे आहे. ही बेरीज १४ लाख होते. त्यातून संस्थेने अजून न चुकवलेली साडेतीन लाखांची देणी वजा केली की बरोबर साडेदहा लाख उरतात. याचा अर्थ, इमारतीसाठी आलेला पैसा काही प्रमाणात रोजच्या खर्चासाठी आणि गाडीसाठी वापरला गेला आहे. हा अपहार आहे असे मी म्हणत नाही. कंपन्यांकडून मिळणारा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी हप्त्याहप्त्याने आणि बहुधा उशिरा येतो, मुलांचे जेवण मात्र दिवाळीनंतर लगेच सुरू करावे लागते. अशा वेळी हाताशी असलेल्या निधीतून भागवण्याचा मोह प्रामाणिक माणसांनाही होतो. पण तो पैसा दुसऱ्या देणगीदाराचा असतो आणि ‘इमारत’ असे सांगून घेतलेला असतो. तुमचे दहा लाख उद्या त्यांच्या खात्यात जमा झाले, तर ही तफावत जवळजवळ तंतोतंत भरून निघेल. कागदावर तुमच्या पतींच्या नावाचा निधी उभा राहील आणि प्रत्यक्षात तो जुनी उणीव भरून काढण्यात गेलेला असेल. मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते.

एक गोष्ट संस्थेच्या बाजूने सांगितली पाहिजे. याच वर्षी उत्पन्न ६४ लाख आणि खर्च ६२ लाख असल्याने दोन लाखांचा वाढावा राहिला, म्हणजे साचलेली तूट आधी पाच लाखांची असणार आणि ती उतरते आहे. एका वर्षाच्या पत्रकावरून कल ठरत नाही, म्हणून मागील दोन वर्षांची पत्रकेही मागवावीत आणि कायम निधी व इमारत निधी यांच्या तुलनेत ठेवी दरवर्षी किती होत्या हे एकाच कागदावर मांडून पाहावे. अंतर कमी होत असेल तर कारभार सावरतो आहे आणि वाढत असेल तर देणगीचा विचार लांबणीवर टाकावा.

विश्वस्ताकडील तीन लाखांच्या उचलीबाबत कोणताही संकोच न ठेवता लेखी विचारावे. विश्वस्ताने न्यासाचा पैसा स्वतःसाठी उसना घेण्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याची मनाई आहे. न्यासाच्या कामासाठी उचल घेतली असेल, तर त्याची बिले आणि हिशेब मिटवल्याची तारीख सांगता आली पाहिजे. उत्तर शोधण्यास मदत करणारा एक कागद बहुतेक देणगीदार मागतच नाहीत: लेखापरीक्षकाने याच अधिनियमाखालील नियमांपैकी नियम १९ नुसार द्यायचा अहवाल. कोणी विश्वस्त न्यासाचा ऋणको (देणेकरी) किंवा धनको (येणेकरी) आहे का, न्यासाचा पैसा उद्दिष्टाबाहेर वापरला गेला का, वर्षाहून अधिक काळ थकलेली येणी किती, सभांची इतिवृत्ते ठेवली जातात का, अशा प्रश्नांची उत्तरे लेखापरीक्षकाला त्यात द्यावी लागतात. तुम्ही पाठवलेल्या कागदांत हा अहवाल नाही. ऋणको विश्वस्ताच्या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिलेले असेल आणि ताळेबंदात तीन लाखांची उचल असेल, तर दोन्हींचा मेळ कसा बसतो हे खजिनदारांनाच विचारावे. अहवालावरील १८ अक्षर-अंकी यूडीआयएन (त्या दस्तऐवजाचा ओळख) क्रमांक सनदी लेखापालांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येतो, त्यामुळे सही खरी आहे की नाही हे घरबसल्या कळते.

न्यासाच्या ६४ लाखांच्या उत्पन्नापैकी ४१ लाख एकाच कंपनीकडून आलेले आहेत. हात राखून देण्याचे हे दुसरे कारण आहे. कंपनीने धोरण बदलले तर जवळपास दोन तृतीयांश उत्पन्न थांबेल आणि संस्थेकडे मोकळी शिल्लक नाही, उलट तूटच आहे. कंपनीशी झालेला करार कोणत्या वर्षापर्यंत आहे आणि तो संपल्यावर मुलांच्या खर्चाची काय तरतूद आहे, याचे उत्तर विश्वस्तांच्या बैठकीत ठरलेले असावे.

बाकीची कागदपत्रे लवकर पाहून होतील. ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयातील नोंदीचा उतारा, म्हणजे परिशिष्ट १, मागावा आणि त्यातील विश्वस्तांची नावे संस्थेच्या पत्रकावरील नावांशी ताडून पाहावीत. फरक असेल तर बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात, दाखल झाला आहे का ते विचारावे. तो बराच काळ प्रलंबित असणे नवे नाही, दाखलच न केलेला असणे मात्र गंभीर आहे. आयकर खात्याच्या १२एबी (न्यासाच्या स्वतःच्या उत्पन्नाला करसवलत देणारी) आणि ८०जी मान्यतांची मुदत संपलेली नाही ना, हे पाहावे. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरील क्रमांक संस्था अभिमानाने दाखवतात, पण ती नोंद आहे, कारभाराचे प्रशस्तिपत्र नव्हे.

शक्य असेल तर एकदा प्रत्यक्ष जाऊन यावे. नेरुळहून ठाणे आणि तिथून कसारा लोकलने आसनगाव, हा प्रवास तुम्हाला अवघड नाही. भेट दिवाळीनंतरच्या हंगामातली असावी. तुम्ही आयुष्यभर हजेरीपट सांभाळला आहे, त्यामुळे पटावरची मुले आणि पंगतीला बसलेली मुले यांच्यातला फरक तुमच्या नजरेतून सुटणार नाही. अधीक्षक व स्वयंपाक करणाऱ्या बायकांशी बोलताना पगार वेळेवर होतो का, एवढे अवश्य विचारावे. संस्थेची चणचण ताळेबंदाआधी तिथे कळते.

उत्तरे समाधानकारक आली, तर पहिल्या वर्षी दोन लाख रुपये चालू हंगामाच्या खर्चासाठी द्यावेत. कायम निधीवर विश्वास टाकणे म्हणजे संस्थेच्या पुढच्या सगळ्या विश्वस्तांवर विश्वास टाकणे आहे, हंगामाच्या खर्चाचा हिशेब मात्र सहा महिन्यांत हातात पडतो. या संस्थेची आजची निकडही रोजच्या खर्चाचीच आहे. रक्कम धनादेशाने किंवा बँकेतून न्यासाच्याच खात्यात द्यावी. सोबतच्या पत्रात हेतू स्पष्ट लिहावा आणि हंगाम संपल्यावर खर्चाचा तपशील मिळावा, असे नमूद करावे. पावतीवर न थांबता १०बीई, म्हणजे आयकर खात्याच्या नमुन्यातले देणगीचे प्रमाणपत्र, घ्यावे. आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत ते देणे अपेक्षित असते आणि देणगी कोणत्या प्रकारची म्हणून आयकर खात्याला कळवली गेली, हे त्यात लिहिलेले असते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या देणग्यांना २०२५ चा नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक वेगळे असतील, ते संस्थेच्या सीएकडून विचारून घ्यावेत.

पुढचे दोन हप्ते प्रत्येकी दोन लाखांचे ठेवावेत आणि दर वर्षी लेखापरीक्षित हिशेब हाती आल्यावरच द्यावेत. विश्वस्ताची उचल मिटली आणि दोन्ही निधींइतक्या ठेवी पुन्हा उभ्या राहिल्या, तर तिसरा हप्ता पतींच्या नावाने कायम निधीत देण्यास माझी हरकत राहणार नाही. तेव्हा ‘कायम निधीसाठी’ अशी लेखी सूचना तुमच्या सहीने द्यावी लागेल आणि त्या रकमेची स्वतंत्र मुदत ठेव पावती पाहायला मागावी. चिरंजीवांना या पत्रव्यवहारात सुरुवातीपासून सामील करून घ्यावे, कारण मृत्युपत्रातील चार लाखांची अंमलबजावणी पुढे बहुधा त्यांनाच करावी लागेल.