ट्यूनरला नावं सापडली, चित्र का नाही?

प्रश्न: घरी डिजिटल केबल आहे. सेट-टॉप बॉक्स बाजूला ठेवून केबलची वायर कॉम्प्युटरच्या यूएसबी टीव्ही ट्यूनरला जोडली. स्कॅनमध्ये चॅनेलांची यादी आली, पण चित्र एकाचंही नाही. अमेरिकेतला पुतण्या म्हणतो, तिकडे केबलवाल्याचं कार्ड ट्यूनरमध्ये घालून रेकॉर्डिंग करतात. आमचा ट्यूनर बिघडलाय का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर: ट्यूनर ठणठणीत आहे. नावं आली, म्हणजे तो डीव्हीबी-सी, म्हणजे डिजिटल केबलच्या जातीचा आहे आणि सिग्नलही पुरेसा आहे. (स्वस्तातले बरेच ट्यूनर नुसते डीव्हीबी-टी, म्हणजे अँटेनाचे. त्यांना केबलवर काहीच सापडत नाही.) चॅनेलांची नावं केबलवर उघडी येतात, कुलूप असतं चित्राला आणि आवाजाला. त्याची किल्ली साधारण दर 10 सेकंदांनी बदलते आणि तीही गुप्त करूनच पाठवतात. ती उलगडतं बॉक्समधलं स्मार्ट कार्ड, किंवा कार्ड नसेल तर आतली चिप. कार्ड काढून दुसरीकडे घालून पाहू नका, बहुतेक ठिकाणी कार्डाची त्याच बॉक्सशी जोडी लावलेली असते.

निदान दूरदर्शन तरी दिसावं, असं वाटेल. तेही नाही. 2011 च्या दुरुस्तीनंतर केबल कायद्यात कोणतंही चॅनेल एन्क्रिप्ट करूनच, म्हणजे असं कुलूप लावूनच, पाठवण्याची तरतूद आली. फुकटचं चॅनेलही त्यातून सुटत नाही.

पुतण्या सांगतो ते तिथल्यापुरतं खरं, पण आता जुनं झालं. तिथे जुलै 2007 पासून 2015 पर्यंत केबल कंपन्यांना स्वतःच्या नव्या बॉक्समध्येही सुटं कार्ड वापरणं भाग पडलं, म्हणून दुसऱ्या कंपन्यांच्या ट्यूनरलाही जागा मिळाली. तरी 'एकदाच कॉपी' अशी खूण असलेले कार्यक्रम बहुतेक करून फक्त विंडोज मीडिया सेंटर या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅममध्येच चालायचे आणि विंडोज 10 मध्ये तेच काढून टाकलं. आपल्याकडचा ऑपरेटर ट्यूनरमध्ये घालायला असं सुटं कार्ड देत नाही.

मग रेकॉर्डिंग कसं करायचं? बॉक्सच्या एव्ही आउटला (पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची जागा) यूएसबी व्हिडिओ कॅप्चर, म्हणजे चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं उपकरण, लावा. सेटिंग पाल (PAL, आपल्याकडची टीव्ही पद्धत), 720×576, सेकंदाला 25 फ्रेम. बॉक्सला साडेतीन मिलिमीटरचं एव्ही भोक असेल तर पिनांचा क्रम बॉक्सगणिक बदलतो. चित्र काळं आणि स्पीकरमध्ये गुंऽऽ असा आवाज आला, तर पिवळी पिन लाल किंवा पांढरीच्या जागी लावून पाहा. एचडीएमआयच्या वाटेला जाऊ नका. तिथे एचडीसीपी या कॉपी रोखणाऱ्या कुलपामुळे बऱ्याचदा काळा पडदाच मिळतो. चॅनेल मात्र रिमोटनेच बदलावं लागेल. रेकॉर्डिंगचा वेग 2 एमबीपीएस ठेवला तर तासाला साधारण 900 एमबी जागा धरा.

ट्यूनरच वापरायचा हट्ट असेल तर डीव्हीबी-एस2 चा, म्हणजे उपग्रहाच्या तबकडीचा, घ्या आणि डीडी फ्री डिश लावा. त्यातली एमपीईजी-2 (चित्र दाबून पाठवायची जुनी पद्धत) चॅनेलं एन्क्रिप्टेड नाहीत. उपग्रह जीसॅट-15, 93.5 अंश पूर्व. सांगलीहून दिशा आग्नेय, होकायंत्रावर सुमारे 130 अंश, आणि क्षितिजापासून उंची सुमारे 60 अंश. ऑफसेट (घरांवर दिसते तशी, दांडा खालच्या कडेला असलेली) तबकडी त्यापेक्षा बरीच उभी दिसते, म्हणून ती मागे वाकवत बसू नका.