रानडुकराला परवाना लागत नाही, व्हिसावरील माणसाला लागतो

तुमचा प्रश्न वाचला आणि काही वर्षांपूर्वी मीच तो विचारला असता असे वाटले. टेक्सासमधील डॅलसमध्ये एच-1बी व्हिसावर नोकरी, सहकाऱ्याच्या सासऱ्यांच्या रँचवर रानडुकरांच्या शिकारीचे आमंत्रण, "खाजगी जमिनीवर डुकरांना लायसन्स लागत नाही, बंदूक माझीच वापर" असे त्याचे आश्वासन, आणि गेम वॉर्डनने (शिकारीच्या नियमांवर लक्ष ठेवणाऱ्या अधिकाऱ्याने) अडवले तर काय, ही तुमची धास्ती. मी वकील नाही, नियम बदलत असतात, आणि खाली लिहिले आहे ते टेक्सासपुरते व माझ्या समजुतीप्रमाणे आहे. तरीही एक गोष्ट ठामपणे सांगतो: धास्ती तुम्ही चुकीच्या माणसाची घेतली आहे.

तुमचा सहकारी खोटे बोलत नाही. 1 सप्टेंबर 2019 पासून टेक्सासमध्ये जमीनमालकाची परवानगी असेल तर खाजगी जमिनीवर रानटी डुकरे मारण्यासाठी शिकारीचा परवाना लागत नाही. परंतु तो अमेरिकन नागरिक असल्यामुळे त्याला ज्या कायद्याचा विचार कधी करावाच लागला नाही, तो राज्याचा नसून केंद्राचा आहे. नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या वास्तव्याच्या, व्हिसावर देशात आलेल्या व्यक्तीला, म्हणजे एच-1बी, एच-4, एल-1, एफ-1 अशा आपल्यातील बहुतेकांना, बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास केंद्रीय कायद्याने मनाई आहे. या मनाईला जे मोजके अपवाद आहेत, त्यांपैकी आपल्या उपयोगाचा एकच, तो म्हणजे अमेरिकेत कायदेशीररीत्या दिलेला शिकारीचा परवाना जवळ असणे. डुकरासाठी राज्य परवाना मागत नाही म्हणून तुम्ही तो काढला नाही, तर राज्याच्या दृष्टीने तुम्ही निर्दोष असता आणि सहकाऱ्याची रायफल हातात घेतल्याक्षणी केंद्राच्या दृष्टीने गुन्हेगार ठरू शकता. शिक्षेची कमाल मर्यादा 2022 मध्ये दहा वर्षांवरून पंधरा वर्षांवर नेण्यात आली आहे.

"पण बंदूक माझ्या मालकीची नाही" हा युक्तिवाद मीही ऐकलेला आहे. मालकीचा प्रश्नच नाही, ताब्याचा आहे. 2019 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला रेहाइफ खटला पाहा. फ्लोरिडातील एका विद्यापीठाने काढून टाकल्यामुळे विद्यार्थी व्हिसाचा दर्जा गमावलेल्या परदेशी तरुणाने नेमबाजीच्या रेंजवर गोळ्या झाडल्या होत्या, आणि त्यातूनच खटला उभा राहिला. न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, पण तो 'आपला दर्जा आरोपीला ठाऊक होता हे सरकारने सिद्ध केले पाहिजे' या मुद्द्यावर. रेंजवर हातात घेतलेली बंदूक ताब्यात धरली जात नाही, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. त्यामुळे ऑफिसच्या सहलीत रेंजवर जाऊन हसत हसत फोटो काढणाऱ्या आपल्या मंडळींनीही हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा.

तेव्हा परवाना काढा. ज्यांचा जन्म 2 सप्टेंबर 1971 रोजी किंवा त्यानंतर झाला आहे त्यांना हंटर एज्युकेशनचा, म्हणजे शिकारीच्या प्रशिक्षणाचा, अभ्यासक्रम आवश्यक असतो. तो सतरा किंवा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तीला घरबसल्या पूर्ण करता येतो, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

माझे घोडे अडले ते परवाना विकणाऱ्या काउंटरवर, आणि तुमचेही तेथेच अडण्याची शक्यता असल्यामुळे हे सविस्तर लिहितो. क्रीडासाहित्याच्या एका मोठ्या दुकानात (नाव देत नाही, कारण दोष एका काउंटरवरच्या अज्ञानाचा होता) मी माझे टेक्सासचे ड्रायव्हिंग लायसन्स दिले. व्हिसाधारकांच्या लायसन्सवर 'लिमिटेड टर्म' (मर्यादित मुदत) असे छापलेले असते हे तुम्हाला माहीत आहेच. ते शब्द पाहून विक्रेत्याने मला अनिवासी ठरवले. शिकारीच्या परवान्यासाठी निवासी कोण, हे तुमच्या इमिग्रेशनच्या दर्जावरून ठरत नाही. अर्ज करण्याच्या लगेच आधी सलग सहा महिने टेक्सासमध्ये राहत असणे हा निकष आहे. मी पगाराच्या पावत्या आणि विजेची बिले फोनवर दाखवली, नियम वाचण्याची विनंती केली, व्यवस्थापकाला बोलावण्यास सांगितले. व्यवस्थापक आले आणि त्यांनी मला अत्यंत सौजन्याने सांगितले की मी "येथे पाहुणा" आहे. त्या वेळी कर भरून भरून वाकलेल्या माणसाला हे ऐकताना काय वाटते ते येथे वेगळे सांगायला नको. निवासी परवाना 25 डॉलरचा होता, अनिवासी 315 डॉलरचा. शनिवारी पहाटे निघायचे असल्याने मी पैसे भरले. विकलेला परवाना परत घेता येत नाही, असे पावतीबरोबरच ऐकवण्यात आले.

पैसे गेले याचे दुःख फार नव्हते, पुढे जे झाले ते अधिक महागात पडले. होल्यांच्या (कबुतरासारख्या पक्ष्यांच्या) शिकारीसाठी मी छऱ्यांची बंदूक (शॉटगन) ऑनलाइन मागवली आणि ती एका परवानाधारक बंदूकविक्रेत्याकडे पाठवण्यास सांगितले. तेथे केंद्राचा 4473 क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. त्यात व्हिसाबद्दलचा प्रश्न असतो, आय-94 वरील (अमेरिकेतील प्रवेशाच्या सरकारी नोंदीवरील) प्रवेश क्रमांक लिहावा लागतो आणि अपवादाचा पुरावा म्हणून शिकारीचा परवाना जोडावा लागतो. फॉर्मवर माझा पत्ता टेक्सासचा, परवान्यावर शिक्का अनिवासीचा. विक्रेत्याने दोन्ही कागद शेजारी ठेवून यांपैकी एक खोटा आहे असे जाहीर केले. वास्तविक केंद्रीय अपवादासाठी परवाना निवासी आहे की अनिवासी, याने काहीच फरक पडत नाही. परंतु विक्री नाकारण्याचा अधिकार दुकानदाराला असतो आणि त्याने तो वापरला. बंदूक परत गेली, जाण्यायेण्याचा खर्च आणि परतीचे शुल्क माझ्या माथी आले, आणि होल्यांचा हंगाम हातचा गेला. शेवटी मी दुसऱ्या गावातील एका लहान दुकानात जाऊन नवा निवासी परवाना काढला; तेथील वयस्क बाईंनी सहा महिन्यांचा प्रश्न विचारला, बिले पाहिली आणि दोन मिनिटांत काम संपवले. म्हणून माझा आग्रह असा की काउंटरवर 'अनिवासी' हा शब्द ऐकताच पैसे न भरता बाहेर पडा, मग शिकार आठवडाभर पुढे ढकलावी लागली तरी चालेल.

परवान्याचे वर्ष 31 ऑगस्टला संपते, तुम्ही तो जुलैमध्ये घेतलेला असला तरीही. नागरिकाचा परवाना संपला तर फार तर शिकार थांबते. व्हिसावरील माणसाचा संपला तर कपाटातील बंदूकही त्याच दिवसापासून अडचणीची होते. नवे परवाने साधारणपणे ऑगस्टच्या मध्यापासून विक्रीस येतात, तेव्हाच घेऊन ठेवावा. पत्नी एच-4 वर असेल आणि तीही नेम धरून पाहणार असेल, तर तिचा परवाना वेगळा. तुमच्या परवान्याच्या छत्राखाली ती येत नाही.

आता गेम वॉर्डनविषयी. टेक्सासमध्ये ते पूर्ण अधिकारांचे पोलीस अधिकारी असतात, खाजगी जमिनीवरही येऊ शकतात आणि शिकारीची थैली किंवा कूलर उघडून पाहू शकतात. मला भेटलेले सगळे शांत आणि नेमके बोलणारे होते, तरी हा माझा अनुभव आहे, हमी नव्हे. बंदूक रिकामी करून तिची ॲक्शन (गोळी भरण्याची यंत्रणा) उघडी ठेवावी, ती कोठे आहे ते आधी सांगावे आणि न विचारता खिशात हात घालू नये. परवाना, ड्रायव्हिंग लायसन्स, आय-94 ची प्रत आणि जमीनमालकाचा फोन क्रमांक जवळ असावा. विचारले तेवढ्याचे खरे उत्तर द्यावे. ग्रीन कार्डची रखडलेली कहाणी त्यांना ऐकवू नये. वॉर्डन खरोखर चिडतात ते कुंपण ओलांडणाऱ्यांवर. झाडांवर किंवा खांबांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे दिसले तर ती 'प्रवेश बंद' अशी पाटीच समजा. जखमी डुक्कर शेजारच्या रँचमध्ये शिरले, तर त्या मालकाच्या परवानगीशिवाय बंदूक घेऊन मागे जाऊ नका. आणि हे लक्षात असू द्या की साधी अटक झाली, पुढे काहीही सिद्ध झाले नाही, तरी पुढच्या स्टॅम्पिंगच्या (पासपोर्टवर नवा व्हिसा घेण्याच्या) वेळी डीएस-160 या व्हिसा-अर्जात ती नमूद करावीच लागते.

शिकारीच्या दिवसापर्यंत परवाना मिळालाच नाही, तर सहकाऱ्याकडे धनुष्यबाण आहे का ते विचारा. बाण केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत बंदूक नाही, त्यामुळे व्हिसाचा हा पेच तेथे उद्भवत नाही. तेही नसेल तर नुसते बघायला जा; मात्र "जरा धर रे" म्हणून रायफल पुढे केली, तर हात मागे घ्या आणि कारण स्पष्ट सांगा. डुक्कर सोलायला बसलात तर हातमोजे घाला, कारण या डुकरांपासून ब्रुसेलोसिस या जिवाणूजन्य रोगाची लागण होऊ शकते, आणि मांस आतपर्यंत 160 अंश फॅरनहाइटला पोहोचेपर्यंत शिजवा.