मुलाखत झाली, पण कंपनीचे उत्तर नाही

प्रश्न : एका कंपनीत माझ्या मुलाखतीच्या तीन फेऱ्या झाल्या. शेवटची फेरी विभागप्रमुखांनी घेतली आणि ‘आठवड्याभरात कळवतो’ असे सांगितले. त्याला आता महिना होत आला. मी पाठवलेल्या मेललाही उत्तर आलेले नाही. पुन्हा विचारले तर उतावीळपणा दिसेल असे वाटते आणि गप्प बसलो तर संधी हातची जाईल अशी भीती वाटते. दरम्यान दुसऱ्या कंपनीने थोड्या कमी पगाराची नोकरी देऊ केली असून सोमवारपर्यंत उत्तर मागितले आहे. मी काय करावे?

उत्तर : तुमच्यापुढचा तातडीचा प्रश्न सोमवारचा आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहिते. हातात लेखी देकार असताना पहिल्या कंपनीला विचारणे हा उतावीळपणा मुळीच नाही. उलट त्यांनाही निर्णय घेण्यास त्यामुळे एक कारण मिळते. तुमच्या आधीच्याच मेलला जोडून लिहा, म्हणजे जुना पत्रव्यवहार त्यांना शोधत बसावा लागणार नाही. मजकूर एवढा पुरे : ‘माझ्या अंतिम मुलाखतीला महिना होत आला आहे. मला दुसरीकडून लेखी देकार मिळाला असून सोमवारपर्यंत उत्तर द्यायचे आहे. आपल्याकडे काम करण्याची माझी अधिक इच्छा आहे. या पदाचा निर्णय साधारण कधी अपेक्षित आहे, ते शुक्रवारपर्यंत कळवू शकाल का?’ त्यात दुसऱ्या कंपनीचे नाव नको, पगाराचा आकडा नको आणि तक्रारीचा सूरही नको. दुसऱ्या दिवशी कार्यालयीन वेळेत मनुष्यबळ विभागाला एक फोन करून मेल पोहोचल्याची खात्री करून घ्या. विभागप्रमुखांच्या खासगी क्रमांकावर मात्र संदेश पाठवू नका. दुसऱ्या कंपनीकडेही दोन-तीन दिवसांची मुदत मागून पाहायला हरकत नाही.

या मौनावरून स्वतःच्या योग्यतेविषयी काहीही ठरवू नका, हे मला कळकळीने सांगावेसे वाटते. मुलाखतीतले एखादे अडखळलेले उत्तर आठवून माणूस रात्र-रात्र जागतो आणि तिकडे फाइल केवळ खर्चाच्या मंजुरीसाठी अडकलेली असते. कधी भरतीच थांबवली जाते, कधी पदाचे स्वरूप बदलते, तर कधी आतल्याच कुणाला ती जागा द्यायचे ठरते. आणखी एक कारण उमेदवारांच्या सहसा लक्षात येत नाही. कंपनीने पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला देकार दिलेला असतो. तो होकार देण्यास वेळ घेतो, होकार दिल्यावरही आधीच्या नोकरीतला नोटिशीचा काळ पुरा करेपर्यंत तो खरोखर रुजू होईल की नाही याची खात्री नसते, आणि तोवर दुसऱ्या क्रमांकावरच्या उमेदवाराला ‘हो’ही सांगता येत नाही आणि ‘नाही’ म्हणून त्याला गमवायचेही नसते. बाहेरून पाहणाऱ्याला ही सगळी कारणे सारखीच दिसतात. तरीही ‘निर्णयास विलंब होत आहे’ असे दोन ओळींत कळवणे कोणत्याही कंपनीला अवघड नाही, आणि तीन फेऱ्यांसाठी वेळ काढलेल्या उमेदवाराचा तेवढा हक्क आहे, असे माझे ठाम मत आहे.

सोमवारपर्यंत उत्तर आले नाही, तर पहिली कंपनी नाहीच असे समजून दुसऱ्या नोकरीचा विचार करा. काम आवडण्यासारखे असेल आणि त्या पगारात तुमचे भागत असेल, तर ती स्वीकारा. एरवीही जी नोकरी तुम्ही घेतली नसती, ती केवळ वाट पाहून थकलात म्हणून घेऊ नका.

हातात दुसरा देकार नसलेल्या वाचकांनी मुलाखत संपतानाच निर्णय कधी होईल आणि चौकशी कुणाकडे करावी, हे विचारून ठेवावे. सांगितलेली तारीख उलटून चार-पाच कामाचे दिवस गेले की मेल करावा, उत्तर न आल्यास आठवड्या-दहा दिवसांनी आणखी एकदा विचारावे आणि तिथे थांबावे. मेलचा स्पॅम फोल्डरही अधूनमधून पाहावा. या काळात इतर ठिकाणी अर्ज करणे बंद ठेवू नये, आणि फोनवर कितीही आश्वासक बोलणे झाले तरी लेखी नियुक्तिपत्र हाती येईपर्यंत आहे त्या नोकरीचा राजीनामा देऊ नये.