धुळीआडच्या दीर्घिकांवर काम करायचं तर आधी ठिपके वेगळे करायला शीक

प्रश्न: मी बी.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. दूरच्या, धुळीने झाकलेल्या दीर्घिकांवर संशोधन करायची इच्छा आहे. त्यासाठी आत्ताच मोठी दुर्बीण घ्यावी का? पीएच.डी.आधी नेमकं काय शिकू?

उत्तर: दुर्बीण आवडीसाठी जरूर घे, पण या कामात तिचा उपयोग नाही. या दीर्घिकांतल्या नव्या ताऱ्यांचा बहुतेक प्रकाश धूळ शोषून घेते आणि अवरक्तात बाहेर टाकते. धुळीचं तापमान ३०-४० केल्विन, त्यामुळे उत्सर्जनाचं शिखर १०० मायक्रॉनच्या आसपास. ताम्रसृती, म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली याचं माप, २ असेल तर तरंगलांबी तिप्पट होते आणि तेच शिखर आपल्याला ३०० मायक्रॉनला दिसतं.

तुझी प्रयोगशाळा आहे हर्शेल या अवरक्त अवकाश दुर्बिणीची (२००९ ते २०१३) विदा (डेटा), जी कुणालाही मोफत मिळते. कॉसमॉस क्षेत्राचा (आकाशाचा एक खूप अभ्यासलेला तुकडा) ५०० मायक्रॉनचा नकाशा उतरवून घे. हर्शेलचा आरसा ३.५ मीटरचा, म्हणून या तरंगलांबीला प्रत्येक ठिपका सुमारे ३६ आर्कसेकंद रुंद. एका ठिपक्यात अनेक दीर्घिका मिसळलेल्या असतात. त्यातून येणारा गोंधळ ६-७ मिलिजान्स्कीचा (जान्स्की हे तेजाचं एकक) असतो आणि निरीक्षणाचे तास कितीही वाढवले तरी तो घटत नाही. या विषयातली खरी कसोटी इथेच लागते.

पायथॉन आणि त्यातलं खगोलशास्त्राचं पॅकेज ॲस्ट्रोपाय वापरून नकाशात २० मिलिजान्स्कीचे खोटे स्रोत टाक. एका वेळी मोजकेच टाक, नाहीतर तूच गर्दी वाढवशील. असे हजारभर झाले की किती सापडले आणि किती तेजाचे सापडले ते मोज. सापडलेल्यांचं सरासरी तेज २० च्या वर येईल, कारण गोंधळाच्या उंचवट्यावर पडलेले स्रोतच जास्त सापडतात. मग स्पिट्झर या अवरक्त अवकाश दुर्बिणीच्या २४ मायक्रॉन यादीतली दीर्घिकांची स्थानं धरून ठिपक्याचं तेज त्यांच्यात वाटून बघ. दोन स्थानं फार जवळ असतील तर गणित एकीला सगळं तेज देतं, दुसरीला ऋण. तेव्हा उत्तर झाकू नकोस, त्रुटी मोठी दाखव.

एककांकडे लक्ष ठेव. हर्शेलच्या स्पायर उपकरणाचे नकाशे जान्स्की प्रति बीम (बीम म्हणजे दुर्बिणीचा तो ठिपका) असतात, तिच्याच पॅक्स उपकरणाचे जान्स्की प्रति पिक्सेल. स्पायरमध्ये बिंदुस्रोताचं तेज ठिपक्याच्या शिखरावर वाचायचं. पिक्सेलांची बेरीज केलीस तर आकडा भलताच येईल.

एम.एस्सी.त सांख्यिकी, प्रारण-वहन (धूळ-वायूतून प्रकाश कसा जातो) आणि फूरिये रूपांतर पक्कं कर; चिलीतल्या आल्मा रेडिओ दुर्बिणीच्या ६६ अँटेनांची विदा फूरियेशिवाय समजत नाही. सांख्यिकीचा आग्रह का, तर ताम्रसृती २ वरची ३५ केल्विनची आणि ३ वरची ४७ केल्विनची धूळ यांचा वर्णपट जवळपास सारखाच दिसतो. ताम्रसृती २ ठाऊक असून हाती फक्त ८५० मायक्रॉनचा एक आकडा असेल आणि ३० ऐवजी ४० केल्विन गृहीत धरलंस, तर तेजस्विता आणि तारे जन्मण्याचा दर सुमारे तिप्पट येतो. कार्बन मोनॉक्साइडची वर्णपटरेषा ताम्रसृती सांगते, पण एकच रेषा पुरत नाही: ११५.३ गिगाहर्ट्झला दिसलेली रेषा ताम्रसृती १, २ किंवा ३ यांपैकी कशाचीही असू शकते.

हाताने काम करायला आवडत असेल तर उपकरणांची वाटही आहे. स्पायरचे बोलोमीटर (प्रारणाची उष्णता मोजणारे संवेदक) ०.३ केल्विनपर्यंत गार केलेले होते. अतिशीत तंत्र येणारा माणूस प्रत्येक गटाला हवा असतो.

संशोधन गटांना लिहिताना खोट्या स्रोतांचा आलेख जोड: आडव्या अक्षावर टाकलेलं तेज, उभ्यावर सापडलेलं.