पेडलला राउटरचा अडॅप्टर चालेल का?

थांबा, अजून लावू नका. म्हणजे तुमच्या डिले पेडलचा (गिटारच्या आवाजाचा प्रतिध्वनी करणारं पेडल) अडॅप्टर हरवलाय, पेडलवर ९ व्होल्ट डीसी १०० मिलीअँपिअर लिहिलंय, आणि घरात जुन्या राउटरचा ९ व्होल्ट १ अँपिअरचा पडलाय, पिनपण बसते, बरोबर ना? १ अँपिअर जास्त होईल ही भीती सोडा, पेडलला लागेल तेवढाच करंट ते ओढतं, उलट कमी अँपिअरचा असता तर अडॅप्टर तापला असता. व्होल्टेज मात्र तेवढंच पाहिजे, ते जुळतंय.

खरी गोची पोलॅरिटीची आहे, म्हणजे पिनमधे प्लस कुठे आणि मायनस कुठे याची. लेबलवर एक बारीक चित्र असतं बघा, मधे टिंब, भोवती अर्धा गोल आणि दोन बाजूंना प्लस मायनस. टिंबाला कुठली खूण जोडलीय ते बघा. बहुतेक गिटार पेडलना मधे मायनस लागतं आणि राउटरच्या अडॅप्टरला बहुतेक वेळा मधे प्लस असतं, पिन मात्र दोघांची तीच, ५.५ बाय २.१ मिलिमीटर, म्हणून माणूस फसतो. मी पण असंच पिन बसली म्हणून लावलं होतं, लाईट लागलाच नाही आणि लगेच करपल्याचा वास. उघडलं तर जॅकजवळचा डायोड, म्हणजे उलट्या पोलॅरिटीपासून पेडलला वाचवणारा छोटा भाग, काळा पडलेला. तेवढा डायोड बदलून पेडल वाचलं, पण असा डायोड प्रत्येक पेडलमधे असतोच असं नाही हो.

लेबल पुसलं असेल तर मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, लाल टोक पिनच्या भोकात, काळं बाहेरच्या धातूला, दोन्ही एकमेकांना टेकू देऊ नका. आकड्याआधी मायनस आलं तर मधे मायनस. जुना जड ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर असेल तर ९ लिहिलेलं असूनही लोड नसताना, म्हणजे काही जोडलेलं नसताना, १२-१३ दाखवतो, तसला पेडलला नकोच. आणि व्होल्टच्या आकड्याशेजारी नागमोडी रेघ असेल तर तो एसी आउटपुटचा, काही छोट्या मिक्सरना तसलाच लागतो, पण तुमच्या पेडलला तो अजिबात लावू नका.

पोलॅरिटी उलटी निघाली तर ती फिरवून देणारी छोटी केबल मिळते, एकट्या पेडलला चालून जाईल, पण त्याच अडॅप्टरवरून दुसरं पेडल जोडू नका, पॅच केबलमधून, म्हणजे दोन पेडल जोडणाऱ्या छोट्या ऑडिओ केबलमधून, शॉर्ट होऊ शकतं. शिवाय राउटरचा अडॅप्टर ऑडिओसाठी बनवलेला नसतो, गेन वाढवला की बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ शकतो. मी तुमच्या जागी असतो तर पेडलसाठीचाच मधे मायनसवाला रेग्युलेटेड, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा, अडॅप्टर घेतला असता.