हेल्मेटमधले पाणी आणि मानसशास्त्राची पदवी

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र मिळाले. आपली कन्या पुण्यात मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने पुढे क्लिनिकल सायकॉलॉजी (मानसिक आजारांचे निदान व उपचार) करावे अशी आपली व तिच्या वडिलांची इच्छा आहे, तर भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांची २०२५ मधील मोहीम पाहिल्यापासून तिने मानवी अंतराळ मोहिमांच्या सुरक्षिततेत काम करायचे ठरवले आहे. “मानसशास्त्रवाल्यांचे तिथे काय काम, अंतराळवीरांना धीर द्यायचे का?” असे आपण विचारले आहे, आणि हे खूळ तर नाही ना, अशी शंकाही व्यक्त केली आहे.

हे खूळ नाही. मात्र वाट सरळ नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. धीर देणे हा या कामाचा लहानसा भाग आहे. ‘ह्यूमन फॅक्टर्स’ या विषयात माणसाचे लक्ष, स्मरणशक्ती, थकवा आणि निर्णयक्षमता यांना मर्यादा असतात हे गृहीत धरून यंत्रे, चेकलिस्ट, कामाच्या पाळ्या आणि संवादाच्या पद्धती आखल्या जातात. व्याख्येपेक्षा एक घटना सांगितली तर हे अधिक स्पष्ट होईल.

१६ जुलै २०१३ रोजी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाबाहेर काम करत असताना इटलीचे अंतराळवीर लुका पार्मितानो यांना डोक्यामागे पाणी जाणवू लागले. वजनरहित अवस्थेत पाणी खाली ओघळत नाही, ते चिकटून पसरत जाते. त्याने त्यांचे डोळे, कान आणि नाक झाकले, आणि जवळजवळ काही दिसत नसताना सुरक्षा-दोरीच्या अंदाजाने ते एअरलॉकपर्यंत, म्हणजे स्थानकात शिरण्याच्या कक्षापर्यंत, परतले. हेल्मेटमध्ये एक ते दीड लिटर पाणी शिरले होते. पोशाखातील पाणी वेगळे करणाऱ्या यंत्रणेची बारीक छिद्रे बुजल्यामुळे अंग थंड ठेवण्यासाठी पोशाखात फिरणारे पाणी हवेच्या मार्गात आले होते, हे तांत्रिक कारण पुढे सापडले. पण नासाचे चौकशी मंडळ तेथे थांबले नाही. आठवडाभर आधी, ९ जुलैच्या स्पेसवॉकनंतर, त्याच पोशाखाच्या हेल्मेटमध्ये पाणी आढळले होते आणि ते पिण्याच्या पिशवीतून गळले असावे असे मानून विषय संपवण्यात आला होता. असे का झाले, याची मंडळाने दिलेली उत्तरे आपल्या कन्येने अवश्य वाचावीत. हेल्मेटमध्ये थोडेफार पाणी येतेच अशी समजूत रुळली होती, पिशव्या गळतात हे सर्वांनी धरून चालले होते, अंतराळवीरांचा जास्तीत जास्त वेळ प्रयोगांसाठी राखण्यावर भर होता, आणि रीतसर बिघाड नोंदवला तर केवढे काम मागे लागेल या विचाराने ती नोंद करायला कोणी उत्सुक नव्हते. छिद्रे साफ करता येतात, पण ही बाकीची कारणे पान्याने दुरुस्त होत नाहीत, आणि मानसशास्त्राच्या विद्यार्थिनीला ती अभियंत्यापेक्षा लवकर ओळखू येतील असे मला वाटते. त्यानंतर हेल्मेटमध्ये पाणी शोषणारा पॅड आणि तोंडाने श्वास घेण्यासाठी नळी बसवण्यात आली.

दुसरे उदाहरण. ३१ ऑक्टोबर २०१४ रोजी कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटावर ‘स्पेसशिपटू’ हे खासगी अवकाशयान चाचणीत तुटले, कारण परतताना वेग कमी करण्यासाठी वर वळणाऱ्या शेपटीची यंत्रणा ध्वनीच्या १.४ पट वेगानंतर मोकळी करायची असताना सहवैमानिकाने ती ०.८ पट वेगालाच मोकळी केली. सहवैमानिकाचा त्यात मृत्यू झाला. पण अमेरिकी चौकशी यंत्रणेने मुख्य बोट ठेवले ते एका माणसाची एक चूक संपूर्ण यान नष्ट करू शकते ही शक्यता आराखड्यात विचारात न घेणाऱ्या कंपनीवर. शुक्ला यांच्या उड्डाणाआधी फाल्कन ९ रॉकेटात द्रवरूप ऑक्सिजनची गळती आढळली, इस्रोच्या चमूने दुरुस्तीचा आग्रह धरला आणि उड्डाण लांबले, हे आपल्या कन्येला ठाऊक असेलच. ‘थांबा’ म्हणणाऱ्याला सहज म्हणता यावे अशी कामाची घडी बसवणे हेही याच विषयात येते.

आता नोकरीचे. इस्रोचे मानवी अंतराळ उड्डाण केंद्र २०१९ पासून बंगळूरुत आहे, आणि गगनयान या भारताच्या मानवी अंतराळ मोहिमेच्या अंतराळवीरांची निवड तेथीलच हवाई दलाच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये झाली. परंतु इस्रोची शास्त्रज्ञ-अभियंता पदे मुख्यतः अभियांत्रिकी पदवीधरांसाठी असतात, आणि एरोस्पेस मेडिसिनसाठी आधी एमबीबीएस लागते. नासाच्या नियमित पदांसाठी साधारणपणे अमेरिकी नागरिकत्व आवश्यक असते. म्हणून ‘थेट अवकाश’ हे एकच लक्ष्य ठेवले तर निराशा पदरी येण्याचा संभव मोठा आहे. तेच काम जमिनीवर मात्र बरेच आहे. लोको पायलटच्या अभियोग्यता चाचण्यांचे काम रेल्वेच्या लखनौ येथील आरडीएसओ संस्थेचा सायको-टेक्निकल विभाग पाहतो, आणि सैन्यभरतीच्या मानसशास्त्रीय चाचण्यांवर डीआरडीओची दिल्लीतील संस्था काम करते. विमानवाहतूक, अणुऊर्जा प्रकल्प आणि वैद्यकीय उपकरणे यांतही हा विषय लागतो. तेथे काही वर्षे अनुभव घेतलेल्या व्यक्तीलाच पुढे अवकाश क्षेत्रात वाव मिळण्याची शक्यता अधिक आहे.

शिक्षणाबाबत माझे मत स्पष्ट आहे: क्लिनिकलऐवजी तिने प्रायोगिक किंवा बोधात्मक (कॉग्निटिव्ह, म्हणजे लक्ष, स्मृती, विचार यांच्या) मानसशास्त्राकडे वळावे. अलाहाबाद विद्यापीठ आणि आयआयटी गांधीनगर येथे कॉग्निटिव्ह सायन्सचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. पवईच्या आयआयटीतील आयडीसी या डिझाइन विभागात जाण्याचा मार्ग सीईईडी या प्रवेशपरीक्षेतून आहे, मात्र केवळ तीन वर्षांच्या बी.ए.वर तेथे प्रवेश मिळेल असे गृहीत धरू नये आणि त्या वर्षीचे निकष पाहूनच अर्ज करावा. संख्याशास्त्र टाळून या क्षेत्रात चालत नाही. ते कच्चे असेल तर प्रवेशाआधीचे सहा महिने त्यालाच द्यावेत.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी एक सूचना करतो. आपल्या गावातील एखाद्या रुग्णालयाची रीतसर परवानगी घेऊन, पाळी बदलताना एक परिचारिका दुसरीला कोणती माहिती तोंडी देते, कोणती लिहून देते आणि काय सांगायचे राहून जाते, याची रुग्णांची नावे न नोंदवता दोन आठवडे तिने टिपणे काढावीत. जमिनीवरून मोहीम हाताळणाऱ्या मिशन कंट्रोलमध्येही पाळी बदलताना हीच अडचण असते. हे काम कंटाळवाणे आहे. ते करताना तिचा उत्साह टिकला, तर क्लिनिकलचा आग्रह आपण सोडावा. नाही टिकला, तर अर्जाची मुदत संपण्यापूर्वी मला पुन्हा लिहावे, म्हणजे क्लिनिकलच्या प्रवेशांविषयी आपण सविस्तर बोलू.

आपला स्नेहांकित,
करिअर मार्गदर्शक