सुमात्राजवळ भूकंप झाला तर त्याची त्सुनामी थेट चेन्नईला कशी येते? पाणी एवढं लांब वाहत येतं का?

नाही. सुमात्राचं पाणी चेन्नईला येत नाही, येतो तो त्याला बसलेला धक्का. दोरीचं एक टोक झटकलं की हिसका पलीकडे जातो, दोरी आपल्या हातातच राहते, तसंच हे.

२६ डिसेंबर २००४ ला आपल्या घड्याळात सकाळचे ६:२८ झाले होते. सुमारे १,३०० किमी लांब भेगेवर समुद्रतळ सरकला आणि वरचं सगळं पाणी त्याच्यासोबत हललं. वाऱ्याच्या लाटा वरवरच्या असतात. ही तळापासून हलते, म्हणून तिचा वेग खोलीवर ठरतो. मीटरमधल्या खोलीला ९.८ ने (हा गुरुत्वाकर्षणाचा आकडा) गुणून वर्गमूळ काढा. ४,००० मीटरला सेकंदाला १९८ मीटर येतात, म्हणजे ताशी ७०० किमीच्या वर. १० मीटर खोलीवर तोच वेग ताशी ३५ च्या आसपास. किनाऱ्याशी पुढचं पाणी असं मंदावतं, मागचं त्यावर चढतं आणि लाट उंच होते.

खोल समुद्रात तिचा पत्ताही लागत नाही. भूकंपानंतर दोनेक तासांनी जेसन-१ उपग्रह नेमका वरून जात होता. त्याने मोजलेली उंची जेमतेम ६० सेंमी! लांबी मात्र शेकडो किलोमीटर, त्यामुळे बोटीवरच्याला काहीच जाणवत नाही. इतक्या लांब लाटेचा जोर वाटेत फारसा खर्चही होत नाही. सातेक तासांनी ती सोमालियात पोचली आणि तिथेही माणसं गेली. श्रीलंकेला वळसा घालून ती केरळात आलप्पाडला शिरली. पश्चिम किनाऱ्यावरचं गाव, तरी शंभराहून जास्त बळी.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ‘आधी समुद्र मागे हटतो’ यावर विसंबू नका. थायलंडच्या बाजूला आधी पाणी ओसरलं, आपल्या बाजूला आधी चढलं. चेन्नईच्या हाती दोन तासांहून जास्त वेळ होता, पण हिंदी महासागरात इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. हैदराबादचं त्सुनामी इशारा केंद्र २००७ मध्ये सुरू झालं.

इशारा आला की तो मागे घेईपर्यंत किनाऱ्याकडे फिरकू नका. १९६० साली चिलीतल्या भूकंपाची लाट १५ तासांनी हवाईतल्या हिलोला पोचली. भोंगे आधीच वाजले होते. पहिल्या लाटा लहान पाहून काही जण परतले, आणि त्यानंतरची लाट सगळ्यांत मोठी निघाली. ६१ माणसं गेली.